आरोपीला मी पुढची वेळ दिली

चौकशी समितीच्या सदस्याने सुनावणीच्या वेळी कोणाच्याही पाठीवर हात ठेवू नये, असं एक कलम आमच्या संघटनेच्या नियमावलीत आहे. नवे सदस्य ते वाचून हसतात. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवायला लागते का, म्हणतात. लागते. ते कलम माझ्यामुळे आलंय, आणि पाठ आरोपीची होती.

मी समुपदेशक. डोंबिवलीत एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळी घराजवळच्या खोलीत लोकांचं ऐकायचो. हे 'ऐकायचो' लोकांना पटत नाही. आमच्या सोसायटीत अजूनही मला डॉक्टर समजून ॲसिडिटीवर गोळी विचारतात. गोळ्या देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात. आमच्याकडे दोन खुर्च्या आणि मधे टिश्यूचा डबा, संपला दवाखाना. समोरचा बोलतो, आपण ऐकतो, मधेच एखादा प्रश्न विचारतो. प्रश्न नेमका बसला तर माणूस घरी जाताना जरा ताठ चालतो. माझं आयुष्य यात गेलं आणि मजेत गेलं. बायको एवढंच म्हणायची, "बाहेर इतकं ऐकता, मग घरी येताना कान तिथेच ठेवून येता का?"

आता यातली गोम सांगतो. त्या बंद खोलीत माणूस आईबापाला न सांगितलेलं सांगतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हातात भलतीच ताकद येते. डॉक्टरच्या हातातली सुरी निदान दिसते तरी, आमची दिसत नाही. म्हणून आमच्या कामाला एक चौकट असते. क्लायंटशी दोस्ती करायची नाही, धंदा करायचा नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच नाही. आणि आपलं रडगाणं त्याला ऐकवायचं नाही. तो तास त्याचा असतो, आपला नाही.

ही चौकट मोडली तर विचारणार कोण? काही तज्ज्ञांना सरकारी नोंदणी लागते, पण नुसती 'समुपदेशक' अशी पाटी लावायला फारसं काही लागत नाही. म्हणून ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आम्ही काही जणांनी एक संघटना काढली, नियम केले आणि नियम मोडणाऱ्याची चौकशी करायला समिती नेमली. आमच्या हातात शस्त्रं थोडी. समज द्यायची, दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायला लावायचं आणि शेवटचं म्हणजे सदस्यत्व काढून घ्यायचं. निवृत्त झाल्यावर मला त्या समितीवर घेतलं, कारण माझ्याकडे वेळ होता आणि माझा चेहरा विश्वासू आहे. पुढे नडला तो हाच चेहरा.

समितीत आम्ही तिघं. माझ्याशिवाय एक डॉक्टर म्हात्रे, मानसोपचारतज्ज्ञ. राहायला घोडबंदर रोडला, त्यामुळे कायम उशिरा येणार, आणि आल्यावर दिवसभरात चार वाक्यं बोलणार. तिसऱ्या सुजाता वाघमारे, कल्याण कोर्टातल्या वकील. कोळसेवाडीत वाढलेल्या, कंपन्यांमधल्या कामगारांच्या चौकश्या लढवून तयार झालेल्या. समुपदेशकांची समिती असली तरी एक सदस्य बाहेरचा हवा, म्हणून त्या होत्या. त्या नसत्या तर आम्ही दोघांनी सगळ्यांना समजून घेतलं असतं आणि कोणालाच काही केलं नसतं.

सुरुवातीच्या तक्रारी गमतीच्या असायच्या. कल्याणचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "तुमच्या त्या बाईंनी माझी बायको बिघडवली."

"म्हणजे नक्की काय झालं?"

"पूर्वी मी ओरडलो की गप बसायची. आता म्हणते, तुमचा आवाज खाली आला की मग बोलू."

मी कागदावर लिहिलं, 'उपचार यशस्वी.' वाघमारेबाईंनी ते खोडलं. "शेरे मारायचे नाहीत, सर. आपण चौकशी समिती आहोत, चहाची टपरी नाही."

मग ठाकुर्लीचे एक समुपदेशक. त्यांनी आपल्याच दोन क्लायंटचं लग्न जुळवून दिलं होतं. मुलाचा एकटेपणा त्यांना माहीत, मुलीचाही माहीत, त्यांना वाटलं एका दगडात काम होईल. तक्रार मुलीच्या भावाने केली होती. सुनावणीला ते नवरा-बायको हातात हात घालून आरोपीच्या बाजूने हजर, शिवाय पेढ्यांचा खोका. मी दोन पेढे खाल्ले. वाघमारेबाई शेजारून हळूच म्हणाल्या, "सर, पुरावा खाताय." पण त्यांनीच नंतर त्या मुलीला विचारलं, "उद्या तुमचं नवऱ्याशी वाजलं, तर बोलायला कोणाकडे जाणार?" मुलगी म्हणाली, "सरांकडेच." मग तिची तीच थांबली. सर आता अर्धे सासरचे झाले होते. तिची ऐकून घेणारी जागा गेली होती. त्यांना आम्ही समज दिली आणि वर्षभर दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायला लावलं. पेढे चांगले होते, हे मात्र मी आजही सांगतो.

मग अनिता परेराचा फोन आला. (नाव बदललंय. तिचं, त्याचं, सगळ्यांचंच. गावं तेवढी खरी ठेवलीत.)

अनिता बाळकुमची. तिच्या घरच्यांची जिथे भातशेती होती तिथे आता टॉवरचं पार्किंग आहे, असं ती हसत सांगायची. घोडबंदर रोडच्या एका शाळेत गणित शिकवायची. पहिल्या फोनवर तिने हिशेबी प्रश्न विचारले, वर्गात उजळणी घेतात तसे.

"तक्रार केली तर माझं नाव शाळेत कळेल?"

"आमच्याकडून नाही."

"त्याला कळेल?"

"त्याला कळावं लागेल. त्याशिवाय तो उत्तर कसं देणार?"

"मग तो सांगेल की मी वेडी आहे. मला आधीच सांगून ठेवलंय त्याने."

तो म्हणजे निशिकांत. घोडबंदरला काचेच्या दाराचं क्लिनिक, सोशल मीडियावर रोज सकाळी एक सुविचार, बोलणं मधाळ. आमचाच सदस्य. अनिता त्याच्याकडे बरेच महिने जात होती. आधी ती बोलायची, तो ऐकायचा. मग हळूहळू तो बोलायला लागला. मग कॉफी. मग 'आपल्यात जे आहे ते पुस्तकातल्या नियमांत बसत नाही.' ती गुंतली, तो गुंतला की नाही देव जाणे, पण जे व्हायला नको ते सगळं झालं. मेसेज पुसायला तो सांगायचा, ती पुसायची. आणि तिने हे बास म्हटल्यावर तो म्हणाला, हे जे तू नाही म्हणतेस ना, हेच तुझ्या आजाराचं लक्षण आहे.

ती त्याच्याकडे जायची बंद झाली आणि गप्प राहिली. बोलली ती एका वेगळ्याच कारणाने. शाळेच्या मीटिंगमध्ये मुख्याध्यापिकेने जाहीर केलं, जूनपासून आपल्या शाळेला समुपदेशक मिळणार. नाव निशिकांतचं. कागदपत्रं तपासली की नेमणूक पक्की.

"माझं झालं ते झालं, सर," अनिता फोनवर म्हणाली. "पण तिथे नववी-दहावीच्या मुली आहेत. त्यांना तो म्हणणार, बस बाळा, दार लावून घे. आणि मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत असणार."

तेव्हा मे सुरू झाला होता. शाळा उघडायच्या आत निकाल लागायला हवा होता, एवढं मला कळलं आणि अंगात वीज संचारल्यासारखं झालं. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एवढा उत्साह मला कॉलेजच्या निवडणुकीतही वाटला नव्हता.

निशिकांतने लेखी उत्तर पाठवलं, अगदी गुळगुळीत. तक्रारदार त्याच्यावर भावनिकदृष्ट्या अवलंबून झाली होती, त्याने अंतर राखलं, म्हणून ती चिडली. 'मी सत्रात स्वतःविषयी एक शब्दही बोलत नाही,' हे वाक्य त्याने अधोरेखित केलं होतं. आता आमच्या कामात असं होतं, बरं का. ज्याच्यापाशी मन मोकळं केलं त्याच्यावर माणसाचा जीव जडतो. ते सांभाळणं हे समुपदेशकाचंच काम. सांभाळता येत नसेल तर दुसऱ्याकडे पाठवायचं. पण त्याने सांभाळलं की फायदा घेतला, हे कळणार कसं? मेसेज पुसलेले. खोलीत दोघंच. तिचा शब्द आणि त्याचा शब्द.

सुनावणी नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. मधे प्लायवूडची भिंत, पलीकडे बाकावर बसायची जागा, त्याच्यापलीकडे हार्मोनियमचा क्लास. आदल्या दिवशी वाघमारेबाईंनी मला दम भरला होता. "सर, उद्या मान डोलवायची नाही. 'हं हं' करायचं नाही. 'समजू शकतो' तर अजिबात म्हणायचं नाही. आपण कोणाच्या बाजूचे नाही. चेहरा दगड."

"दगड," मी म्हणालो.

आणि मी झालो दगड. अनिता बोलत होती, आणि मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. ती मधेच थांबली, माझ्याकडे पाहिलं, मी पापणी हलवली नाही. मनात म्हटलं, जमतंय की. ती पुन्हा बोलायला लागली, पण आवाज बसला होता. तिचं झाल्यावर तिला बाहेर बाकावर बसवलं. डॉक्टर म्हात्रे अजून यायचे होते. त्यांचा फोन आला, घोडबंदरला ट्रेलर बंद पडलाय, गाडी हलत नाही.

मग निशिकांत आत आला. त्याने वाघमारेबाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. खुर्चीत बसला. मग म्हणाला, "सर, मी आतून संपलोय."

आता मला सांगा, जन्मभर ज्याने हे वाक्य ऐकलं की पुढे झुकायचं एवढंच केलंय, तो काय करणार? मी पुढे झुकलो.

"हं," मी म्हणालो.

तिथून पुढचं मला नीट आठवत नाही, म्हणजे चौकशी म्हणून आठवत नाही. सत्र म्हणून सगळं आठवतं. त्याने वडिलांचं काढलं. गावचे कडक वडील, शाळेत मार्क कमी पडले म्हणून त्यांनी दप्तर विहिरीत टाकलं, आणि हा काठावर उभा राहून पुस्तकं तरंगताना बघत राहिला. चष्मा काढून त्याने शर्टाच्या टोकाला पुसला. म्हणाला, "हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. तुम्ही पहिलेच."

मला काय वाटलं सांगू? अभिमान. या वयातही आपल्यापाशी माणूस उघडतो. मी विचारलं, "त्या मुलाला तेव्हा काय हवं होतं?" तो रडला. मी टिश्यू पुढे केला. उठलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाघमारेबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल मारली. मला वाटलं चुकून लागली. आणि शेवटी माझ्या तोंडातून, सवयीने, अगदी सहज निघालं:

"आजच्यापुरतं इथे थांबूया. पुढच्या आठवड्यात हीच वेळ चालेल?"

"चालेल, सर," निशिकांत म्हणाला. "हलकं वाटलं."

तो गेला. वाघमारेबाई माझ्याकडे वळल्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही आत्ता आरोपीला अपॉइंटमेंट दिलीत."

तेवढ्यात दार ढकलून अनिता आत आली. प्लायवूडच्या भिंतीतून पलीकडे ऐकू जातं हे आम्हा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, तिने हात वर केला.

"विहिरीत दप्तर ना?" ती म्हणाली. "आता आतलं सगळंच नीट ऐकू आलं नाही मला. पण सांगते मी. वडिलांनी दप्तर टाकलं, पुस्तकं तरंगत होती. मग चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, आजवर कोणाला सांगितलं नाही, तुम्ही पहिलेच. बरोबर?"

शब्दाला शब्द तसंच.

"मला पहिलीच म्हणाला होता," अनिता म्हणाली. "माझ्या तासात. मी माझं सांगायला गेलेले आणि त्याच्या विहिरीपाशी बसले. मला वाटलं, एवढा मोठा माणूस माझ्यापाशी रडतोय, म्हणजे मी कोणीतरी आहे."

मीही तेच समजलो होतो. जरा वेळापूर्वी, तिथेच, त्याच खुर्चीत.

वाघमारेबाई मात्र एकदम खुलल्या. खरा उत्साह बघायचा तर वकिलाच्या चेहऱ्यावर. त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, गाडीतच आहात ना? हलू नका."

"हलतच नाहीये," पलीकडून म्हात्रे.

"तक्रारदाराची पुढची जबानी ऐका." आणि फोन अनिताच्या हातात दिला. अनिताने सगळं पुन्हा सांगितलं. वडील, विहीर, चष्मा, तुम्ही पहिलेच. शेवटी म्हणाली, "आणि नंतर तो तुमची विचारपूस करणार. दमलेले दिसता, झोप लागते का, घरी कोण असतं. मग तुम्ही सांगायला लागता. सगळेच सांगतात."

फोनमधून हॉर्न ऐकू येत होते. म्हात्रे म्हणाले, "ऐकलं. नीट ऐकलं."

माझी मात्र समितीतून गच्छंती झाली. वाघमारेबाई स्वच्छ म्हणाल्या, "तुम्ही आता पंच नाही, सर. तुमच्यावर प्रयोग झालाय. तुम्ही साक्षीदार." घरी जाऊन हे बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्याला बरं वाटलं की नाही, ते सांगा." मी म्हटलं, तो हलका होऊन गेला. ती म्हणाली, "मग ती बाई जड झाली असणार." दगड मी कोणासाठी झालो आणि कान कोणाला दिले, ते एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

पुढची सुनावणी. या वेळी हार्मोनियमच्या सरांना सुट्टी घ्यायला लावली आणि बाकं खाली हलवली. अनिताला आत बसवलं, वाघमारेबाईंच्या जवळ. अध्यक्ष म्हात्रे, चक्क वेळेवर.

आधी माझी साक्ष. निशिकांतला मला प्रश्न विचारायची मुभा होती. तो उभा राहिला, शांत.

"सर, त्या दिवशी माझं दुःख तुम्हाला खोटं वाटलं?"

"नाही. खरंच वाटलं."

"मग माझ्यावर विश्वास ठेवलात."

"पूर्ण ठेवला."

"म्हणजे मी फसवणारा माणूस नाही, हे तुमच्या अनुभवाला कळलं."

मी म्हणालो, "मला एवढंच कळलं की तुम्ही बोलायला लागलात की समोरचा आपलं काम विसरतो. मी चौकशी विसरलो. मी निवृत्त झालेला माणूस, तयारीत बसलेला, शेजारी वकील बसलेली, तरी विसरलो."

मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "तुम्ही दमलेले दिसता, सर. झोप होते का हल्ली?"

आणि वाचकहो, मी तोंड उघडलं. "अहो हल्ली पहाटेच जाग..." इथपर्यंत गेलो. वाघमारेबाई खोकल्या. अनिताने मान खाली घातली, खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मी गप्प बसलो, पण माझी साक्ष त्या अर्ध्या वाक्यात पुरी झाली होती.

मग निशिकांतची पाळी. म्हात्रे म्हणाले, "तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा."

नवा चेहरा, नवा श्रोता. निशिकांतने मोठा श्वास घेतला. "डॉक्टर, माझ्या वडिलांविषयी मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पण तुम्हाला सांगावंसं वाटतं. ते फार कडक होते..." आणि त्याचा हात चष्म्याकडे गेला.

म्हात्रेंनी विचारलं, "दप्तर विहिरीत टाकलं तेव्हा कितवीत होता?"

"चौथीत," निशिकांत म्हणाला.

चष्मा हातातच राहिला. निशिकांतने माझ्याकडे पाहिलं, मग वाघमारेबाईंकडे. त्याने अजून विहिरीचं नावही काढलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

"सरांनी सांगितलं असेल," तो म्हणाला.

"सरांनी नाही," वाघमारेबाई म्हणाल्या. "तक्रारदाराने सांगितलं. डॉक्टरांना, फोनवर, त्या दिवशी तुम्ही गेल्या गेल्या. आता तुमचं काय म्हणणं असेल ते मांडा, पूर्ण संधी आहे."

"त्या दिवशी बाहेरून ऐकलं असेल तिने."

"ऐकलं असेल, थोडंफार. पण तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसता ते भिंतीतून दिसतं का? आणि तुम्ही सरांची झोप विचारणार, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं."

इथे तो चिडला, आणि चिडला म्हणून चुकला. "अहो, माझी क्लायंट होती ती. इतके महिने येत होती. तिला माझ्याबद्दल माहीत असणारच ना."

वाघमारेबाईंनी त्याचं लेखी उत्तर पुढे सरकवलं. अधोरेखित वाक्यावर बोट ठेवलं. मोठ्याने वाचलंसुद्धा नाही.

निशिकांत खाली बसला. मग म्हणाला, ते प्रेम होतं, नियम तोकडे आहेत, तुम्हाला कळणार नाही. म्हात्रे म्हणाले, "प्रेम असेल. तिच्या तासात का?" आणि एकदा तो या एका गोष्टीत खोटा ठरल्यावर बाकीच्यात तिचा शब्द खरा मानायला आम्हाला, म्हणजे त्या दोघांना, अडचण राहिली नाही. मी साक्षीदार, मी फक्त आतल्या आत उड्या मारत होतो.

सदस्यत्व रद्द झालं. अनिताला आम्ही सांगितलं की पोलिसांत जायचा, कोर्टात जायचा रस्ता तुझा तुला मोकळा आहे, हवी ती मदत करू. ती म्हणाली, "बघते. आधी शाळा."

आणि इथे आमचेच नियम आडवे आले. निकालाची दवंडी पिटायची नाही, कारण तक्रारदाराचं नाव फुटतं. कोणत्याही संस्थेने विचारलं तर मात्र सदस्य आहे की नाही ते खरं सांगायचं. शाळेने विचारायला तर हवं. मी वाघमारेबाईंना म्हटलं, "मी सहज फोन करतो मुख्याध्यापिकेला, शिक्षणविषयक गप्पा..." त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही सहज काहीच करू नका."

शेवटी अनिताच गेली. मुख्याध्यापिकेला एवढंच म्हणाली, "बाई, त्या नव्या समुपदेशकांचं संघटनेचं सदस्यत्व चालू आहे का, ते तपासलंत? जाहिरातीत आपण तशी अट घातली होती." मुख्याध्यापिका म्हणाल्या, प्रमाणपत्र आहे की. अनिता म्हणाली, "जुनं असेल. एक फोन केलेला बरा." तेवढं बोलून वर्गाच्या वेळापत्रकाला बसली.

संघटनेचा फोन माझ्याकडे असायचा. वाघमारेबाईंनी पढवून ठेवलं होतं: "विचारतील, हे सदस्य आहेत का. तुम्ही म्हणायचं, नाही. कारण विचारलं तर, सांगता येत नाही. बस. कथा नाही." मी आरशासमोर 'नाही' म्हणायचा सराव केला. सौम्य नाही, ठाम नाही, खेदपूर्वक नाही. दोन दिवस फोन हातातून सोडला नाही. आंघोळीला गेलो तरी दाराबाहेर बायकोला उभं केलं.

फोन वाजला. "नमस्कार, मी शाळेची मुख्याध्यापिका बोलते. आपण समुपदेशक संघटनेतून बोलताय ना?"

"नाही," मी म्हणालो. ठाम.

"सॉरी, राँग नंबर," आणि फोन बंद.

बायकोने कपाळाला हात लावला. मी उलटा फोन केला, तो लागेना, पुन्हा केला. लागला तेव्हा मला धाप लागली होती. म्हटलं, मघाशी मीच होतो, संघटनाच, जरा घाईत. मग त्यांनी निशिकांतचं नाव घेऊन विचारलं, आणि आयुष्यात ज्याचा एवढा सराव केला ते 'नाही' माझ्या घशातून अगदी बारीक निघालं.

"पूर्वी होते?"

"होते."

"आता का नाहीत?"

"सांगता येत नाही, बाई."

शाळा चालवणारी बाई होती, न सांगितलेलं कळायची सवय असणार. "समजलं," म्हणाल्या. "बरं झालं, विचारलं."

नेमणूक झाली नाही. निशिकांतचं काचेचं दार अजून घोडबंदरला आहे, सुविचारही रोज येतात, याचं मला वाईट वाटतं. आमचा हात तेवढाच लांब. आमच्या यादीत नाव नाही, शाळा-कॉलेजं विचारतात तेव्हा नाही म्हणतो. बाकी लोकांनी तपासून जावं, एवढंच मी हे लिहिण्याच्या निमित्ताने सांगू शकतो: पाटी बघून जाऊ नका, सदस्यत्व विचारा, आणि समोरचा तुमच्या तासात स्वतःचं बोलायला लागला तर उठा.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात अनिताचा फोन आला. मला वाटलं आभार मानेल, मी नम्रपणाची तयारी केली होती.

"सर, एक विचारायचं होतं. एखाद्या चांगल्या समुपदेशकाचं नाव द्याल? माझ्यासाठी."

"तुला? आता काय झालं?"

"आता नाही. आधीचंच. मम्मी गेली ना माझी, म्हणून मी गेलेले त्याच्याकडे पहिल्यांदा. ते बोलायचं राहूनच गेलं."

मी उभा होतो तो बसलो. इतक्या सुनावण्या, इतके प्रश्न, तिच्या जबानीवर जबान्या, आणि ती मुळात कशासाठी गेली होती हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. मी जन्मभर हेच विचारत आलेला माणूस.

आवाज आपोआप खाली आला. "हं," मी म्हणालो. "सांग ना. कधी गेल्या आई?"

"तुम्हाला नाही, सर," अनिता म्हणाली. हसली असावी. "दुसऱ्या कोणाचं तरी नाव द्या."

मी शहाडच्या एका बाईंचं नाव दिलं, नंबर दिला, त्या कमी बोलतात हे सांगितलं. मग फोन ठेवला. म्हणजे ठेवला तिनेच. मी अजून काहीतरी विचारणार होतो.